वाचकांचे प्रश्न : गणपती, किकऑफ आणि ते बारा शनिवार

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी या सदराला येणाऱ्या मेलमध्ये दोनच विषय असतात, एक उकडीची पारी फुटते त्याचं काय करू, आणि दुसरा फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. यंदा, म्हणजे २०२५ ला, तर गणपती बसतायत बुधवारी २७ ऑगस्टला आणि कॉलेज फुटबॉलचा पहिला मोठा शनिवार लगेच ३० ला, त्यामुळे मेल दुप्पट आल्यात. उकडीचे प्रश्न पुढच्या पानावर आहेत, फुटबॉलचे माझ्याकडे. मी १९९७ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या पीएचडीमुळे मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला आले आणि माझ्या पहिल्याच सीझनला तिथल्या युनिव्हर्सिटीची टीम, मिशिगन, बाराच्या बारा मॅच जिंकून चॅम्पियन झालं, तेव्हापासून मी मिशिगनची. हे आधीच सांगते, म्हणजे उत्तरं वाचताना तुम्हाला माहीत असेल की कोण बोलतंय.

माझी मुलगी या महिन्यात ॲन आर्बरला एमएस करायला गेली. पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली की आई मी फुटबॉलचं पूर्ण सीझनचं तिकीट काढतेय. अहो, तिनं इथे कधी क्रिकेटची मॅच पण धड पाहिली नाही! अभ्यास, खर्च, एवढी गर्दी, मला काही सुचत नाहीये. हे नक्की काय प्रकरण आहे? — एक आई, कोथरूड, पुणे

काकू, आधी गर्दीबद्दल सांगते, कारण काळजी त्याचीच असणार. ॲन आर्बर सव्वा लाख वस्तीचं गाव, आणि तिथलं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं. १९२७ साली बांधलेलं, सगळे त्याला बिग हाऊस म्हणतात. १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथे प्रत्येक घरच्या मॅचला लाखाच्या वर माणूस आलंय, फक्त कोविडच्या २०२० मध्ये स्टेडियम प्रेक्षकांना बंद होतं. म्हणजे मॅचच्या दिवशी गावात जणू दुसरं एक गाव येऊन बसतं. स्टेडियमजवळचे रस्ते बंद करतात, लोक शाळेच्या मैदानात आणि गोल्फ कोर्सवर गाड्या लावतात, सकाळपासून डिकी उघडून तिथेच शेगड्या पेटवून खाणंपिणं चालू, त्याला टेलगेट म्हणतात. पोलीस भरपूर असतात आणि इतक्या वर्षांत मला तिथे एकटीनं चालत घरी यायची भीती कधी वाटली नाही. तिला एवढंच सांगा की मैत्रिणींबरोबर जा, जायच्या आधी स्टेडियममध्ये काय नेता येतं त्याचे नियम वाच, बॅग घरीच ठेव आणि डोक्याला टोपी घाल, ऑगस्ट-सप्टेंबरचं ऊन तिथल्या उघड्या बाकांवर फार लागतं.

आता खर्च आणि अभ्यास. सीझनमध्ये सगळ्या मिळून १२ मॅच, त्यातल्या घरच्या सहा-सातच. म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांतले सहा-सात शनिवार. विद्यार्थ्यांना तिकीट बाहेरच्या लोकांपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं आणि ही सोय विद्यार्थी असेपर्यंतच. माझं ऐकाल तर काढू द्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकही नियम माहीत नव्हता. नवऱ्याच्या लॅबमधल्या कुणाचं तरी तिकीट उरलं होतं म्हणून गेले, परक्या देशात येऊन महिना झाला होता, बोलायला कुणी नाही, घरी फोन करायचा तर कार्ड घ्यावं लागायचं, असे दिवस होते ते. आणि मग बोगद्यातून बँड धावत बाहेर आला, तीनशे-साडेतीनशे मुलं असतील, त्यांच्या मागून खेळाडू आले आणि मधल्या निळ्या बॅनरला उड्या मारून हात लावत पुढे गेले आणि लाखभर माणूस एकदम उठून उभं राहिलं, मी पण राहिले. शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या, त्यांनी काही न विचारता शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केली आणि पुढचे तीन तास प्रत्येक प्ले मला समजावून सांगितला. पुढच्या वेळी मी त्यांच्यासाठी चिवडा नेला. ॲन आर्बरमधली माझी पहिली ओळख ती. तुमच्या मुलीला पण नव्या गावात असंच काहीतरी हवं असणार, ते तिला बोलून दाखवता येत नसेल एवढंच.

ताई, आम्ही फार अडचणीत आहोत. आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम शनिवारी ३० ऑगस्टला दुपारी १२ ला, हॉल कधीच बुक झालाय, आणि बरोबर त्याच वेळी ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सस! ढोल-ताशा पथकातली निम्मी मुलं ओहायो स्टेटला शिकतात, ती सरळ सांगतायत की आम्ही ४ च्या आधी येणार नाही. ज्येष्ठ मंडळी चिडलीत. — कार्यकारिणी सदस्य, कोलंबस, ओहायो

दादा, मुलांवर चिडू नका असं मी मिशिगनची असून सांगतेय, म्हणजे बघा. ही काही साधी मॅच नाहीये. ओहायो स्टेट गेल्या सीझनचे चॅम्पियन, जानेवारीत याच टेक्ससला सेमीफायनलला २८-१४ हरवून ते पुढे गेले होते, आणि आता टेक्सस देशात १ नंबरवर धरलेली टीम म्हणून त्यांच्या घरी येतेय. टेक्ससचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, आर्च मॅनिंग, पेटन आणि एलाय मॅनिंग या नामवंत क्वार्टरबॅकचा पुतण्या, त्याच्याकडे सगळ्या देशाचं लक्ष. पहिल्याच आठवड्यात असा सामना वर्षानुवर्षं येत नाही.

त्यात त्याच दिवशी सकाळी कोलंबसमधूनच ली कोर्सो यांचा शेवटचा कार्यक्रम आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शनिवारी सकाळी ईएसपीएनवर कॉलेज गेमडे लागतो, त्यात शेवटी कोर्सो आजोबा कोण जिंकणार ते सांगताना त्या टीमच्या मॅस्कॉटचं मोठं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवतात. पहिल्यांदा त्यांनी हे केलं १९९६ मध्ये, कोलंबसलाच, ओहायो स्टेटच्या ब्रूटसचं डोकं घालून. आता त्यांना ९० पूर्ण झालीत आणि निरोप पण त्याच गावातून. मध्ये त्यांना स्ट्रोक येऊन गेला, बोलणं जड झालं, तरी ते येत राहिले, आणि शेजारी बसणाऱ्यांनी त्यांचं वाक्य कधी तुटू दिलं नाही. माझ्या घरी शनिवारची सकाळ म्हणजे पोहे आणि कोर्सो असं अठ्ठावीस वर्षं चाललंय, त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी येणार हे मला आत्ताच माहितीये.

तर उपाय. मॅच साडेतीनच्या आसपास संपेल. हॉल दुपारपासून तुमचाच आहे, तर १२ ते ३ मध्ये लहान मुलांची चित्रकला, अथर्वशीर्ष पठण, ज्येष्ठांचं भजन आणि जेवण ठेवा, आणि मिरवणूक-आरती ५ ला. ढोल वाजवणारी मुलं साडेचारला हजर होतील, जिंकली तर असा ढोल वाजवतील की बघत राहाल, हरली तरी वाजवतीलच, गणपतीला नाही म्हणणारी नाहीत ती. आणि कॅम्पसच्या बाजूनं येणाऱ्यांना सांगा की अकराच्या आत निघा नाहीतर ४ नंतर, मधल्या वेळात रस्त्यांचं काही खरं नाही. पुढच्या वर्षीसाठी एकच, हॉल बुक करायच्या आधी पंचांग आणि फुटबॉलचं शेड्यूल दोन्ही समोर घेऊन बसा, मोठ्या मॅचच्या तारखा वर्ष-वर्ष आधी माहीत असतात.

आणि ज्येष्ठांना एकदा ओहायो स्टेटचा बँड बघायला घेऊन जा. शंभराच्या वर मुलं चालता चालता मैदानावर वळणदार अक्षरात ओहायो लिहितात, आणि शेवटी सूझाफोन नावाचं भलं मोठं वाद्य घेतलेला एक जण ऐटीत जाऊन आय अक्षरावरचा टिंब होऊन उभा राहतो. १९३६ पासून हे चालू आहे. ज्यांनी आयुष्यभर लेझीम बघितलंय त्यांना यातली शिस्त लगेच कळेल.

मी १४ वर्षांचा आहे. अजून एक पण मॅच झाली नाही तर टेक्सस नंबर १ कसे? कोण ठरवतं? आणि माझे मित्र म्हणतात रटगर्स बकवास आहे पण मी रटगर्सचा फॅन आहे. — न्यू जर्सी

अरे वा, रटगर्सचा फॅन! तुझ्या मित्रांना सांग की कॉलेज फुटबॉलची पहिली मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये झाली, रटगर्स विरुद्ध प्रिन्सटन, आणि रटगर्सनी ती ६-४ अशी जिंकली. म्हणजे या खेळातला सगळ्यात पहिला विजय तुमचाच.

आता रँकिंग. एपी म्हणजे असोसिएटेड प्रेस ही बातम्यांची संस्था, त्यांचं पोल १९३६ पासून चालू आहे. देशभरचे साठेक क्रीडा पत्रकार आपापली २५ टीमची यादी देतात, पहिल्याला २५ पॉइंट, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १, आणि मग बेरीज. सीझन सुरू व्हायच्या आधीची यादी म्हणजे निव्वळ अंदाज, गेल्या वर्षी कोण कसं खेळलं, कोण परत आलंय, नवीन मुलं कोण आलीत यावरून बांधलेला. यंदा टेक्सस पहिले, पेन स्टेट दुसरे, आणि दोघांमध्ये अगदी थोड्या मतांचा फरक, टेक्ससला पहिल्या नंबरची २५ मतं आणि पेन स्टेटला २३. ओहायो स्टेट ३, क्लेमसन ४, जॉर्जिया ५. आमचं मिशिगन १४.

हे अंदाज किती चुकतात ते गेल्याच वर्षी बघितलं आपण. फ्लोरिडा स्टेट सुरुवातीला १० नंबरवर होतं, डब्लिनला पहिलीच मॅच जॉर्जिया टेककडून हरलं आणि सीझन संपला तेव्हा १२ पैकी फक्त २ जिंकलेले. आणि ॲरिझोना स्टेटला त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, सगळ्यात शेवटचा म्हणजे सोळावा नंबर दिला होता लोकांनी, ते कॉन्फरन्स जिंकून प्लेऑफला, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीला, गेले. तेव्हा ऑगस्टमध्ये प्रत्येक जण शून्य-शून्यवर असतो आणि रटगर्सच्या फॅनला सुद्धा स्वप्न बघायचा तेवढाच हक्क आहे, तू बघ.

मुलाकडे फ्रिस्कोला आलोय सहा महिन्यांसाठी. शनिवारी सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत टीव्हीवर हेच. मी नाशिकला तरुणपणी कबड्डी खेळायचो, खेळ मला आवडतो, पण यात सगळे धावतात, पडतात, थांबतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. आणि पाय तर कुठेच लागत नाही, मग फुटबॉल कसा? — एक आजोबा

आजोबा, तुम्ही कबड्डी खेळलायत म्हणजे निम्मं काम झालंय, कारण हा सगळा जमिनीचा खेळ आहे, समोरच्याच्या हद्दीत किती आत शिरलो त्याचा.

मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना आणखी १० यार्डांची पट्टी. एका बाजूला ११ जण. ज्यांच्याकडे बॉल त्यांना चार प्रयत्न मिळतात आणि त्या चारांत किमान १० यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा नवे चार. नाही गेलात तर बॉल समोरच्यांना. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक वेळा धोका न पत्करता बॉल लाथेनं लांब मारून देतात, म्हणजे समोरच्यांना आपल्या गोलपासून लांबून सुरुवात करावी लागते. तिथे लागतो बघा पाय. टीव्हीवर जी पिवळी रेघ दिसते ती नीट बघत जा, तीच ती १० यार्डांची रेघ, तुमच्या बोनस लाईनसारखी तिच्यावर नजर ठेवायची. मैदानावर ती प्रत्यक्षात नसते, टीव्हीवाले काढतात.

शेवटच्या पट्टीत बॉल नेला की टचडाऊन, ६ पॉइंट, त्यावर लाथेनं एक जादा मिळवता येतो किंवा पुन्हा पळून-फेकून दोन. तिथवर पोचणं जमणार नाही असं वाटलं तर लांबून दोन खांबांच्या मधून मारायचा, त्याचे ३. बाकी नियम शंभर आहेत पण एवढ्यावर दोन शनिवार सहज निघतील.

ते का थांबतात विचारलंत, तर खरा खेळ त्या थांबण्यातच असतो. एक प्ले, म्हणजे एक प्रयत्न, पाच-सहा सेकंदांचा, पण पुढच्या प्लेआधी ४० सेकंद मिळतात आणि त्या वेळात दोन्ही बाजू डोकं चालवत असतात, आता हे पळणार की फेकणार, डावीकडून की उजवीकडून. कबड्डीत रेडर आत येताना कोपऱ्यातला माणूस कसा सरकतो ते तुम्ही बघत असालच, तसंच इथे बॉल सुटायच्या आधी बचाव करणारे कुठे सरकतात ते बघा. मुलाला किंवा नातवंडांना सांगा की प्रत्येक प्लेआधी तुम्ही अंदाज सांगणार, पळणार का फेकणार. आमच्या घरी सासरे असेच शिकले आणि नंतर आमच्यापेक्षा त्यांचेच अंदाज जास्त बरोबर यायचे.

नावाचं म्हणाल तर हा खेळ इंग्लंडच्या फुटबॉल आणि रग्बीतूनच निघाला. ती १८६९ ची पहिली मॅच एका बाजूला २५ जण घेऊन, बॉल हातात न धरता खेळली होती. पुढे येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० च्या आसपास ही रांगेत उभं राहायची पद्धत आणि प्रयत्न मोजायची पद्धत आणली. बॉल पुढे फेकायची परवानगी तर १९०६ मध्ये आली, त्याआधी हा खेळ इतका राकट होता की १९०५ च्या सीझनमध्ये मुलं मेली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना कॉलेजवाल्यांना बोलावून घ्यावं लागलं. नियम बदलत गेले, नाव मात्र जुनंच राहिलं.

आणि शनिवारीच का? शुक्रवारी रात्र हायस्कूलची, शनिवार कॉलेजचा, रविवार एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा. १९६१ चा एक कायदाच आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एनएफएल शनिवारी टीव्हीवर येत नाही.

स्पष्ट विचारतो. आता खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात, दरवर्षी ट्रान्सफर पोर्टलमधून कॉलेज बदलतात, कॅलिफोर्नियाची कॉलेजं बिग टेन कॉन्फरन्समध्ये, त्या टेनमध्ये १८ टीम. यात कॉलेज राहिलंय कुठे? मी यंदा बघणं सोडावं म्हणतो. — सनीवेल, कॅलिफोर्निया

तुमचा राग मला कळतो, पण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकात घातल्यात आणि माझं त्या तिघींबद्दल वेगवेगळं मत आहे.

पैसे मिळतात ते योग्यच आहे. कित्येक वर्षं कोच करोडपती झाले, टीव्हीवाल्यांनी कमावलं, स्टेडियमं वाढली, आणि ज्या मुलांचे गुडघे फुटायचे त्यांनी स्वतःच्या सहीचा टी-शर्ट विकला तर शिक्षा. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. आणि या जूनमध्ये कोर्टानं हाऊस नावाच्या खेळाडूच्या खटल्यातली तडजोड मान्य केली, त्यानुसार १ जुलैपासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळे खेळ मिळून. हे उशिरा झालं एवढंच मी म्हणेन.

पोर्टलबद्दल माझं मन अजून ठरत नाही. कोच रात्रीतून दुसरीकडे जातो तर मुलानं का थांबावं, हे पटतं. पण एखादा पोरगा पहिल्या वर्षी बाकावर, दुसऱ्या वर्षी चुकत-चुकत आणि चौथ्या वर्षी कॅप्टन होताना बघायचं जे सुख होतं ते कमी झालंय, आता ऑगस्टमध्ये स्वतःच्या टीमची निम्मी नावं नव्यानं पाठ करावी लागतात.

कॉन्फरन्सचं मात्र तुमच्याइतकंच मलाही दुखतं. पॅक-१२ ही शंभर वर्षांची परंपरा, २०२४ मध्ये दहा कॉलेजं निघून गेली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे राहिली, तीही काही चूक नसताना, टीव्हीच्या पैशांच्या हिशोबात बसली नाहीत म्हणून. यूसीएलए आणि रटगर्स एका कॉन्फरन्समध्ये, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फुटबॉलवाले वर्षातून दोन-तीनदा चार्टर विमानानं जातील हो, पण व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी आठवड्याच्या मध्ये तीन टाइमझोन ओलांडून परत सकाळी लॅबला बसायचं, हे फुटबॉलच्या पैशासाठी ठरवलं गेलं आणि त्यांना कुणी विचारलं नाही. यावर लोकांनी बोलत राहायला हवं.

पण बघणं सोडू नका. तुमच्या जवळ स्टॅनफर्ड आहे, बर्कलीचं कॅल आहे, एकदा मोठ्या टीमची टीव्हीवरची मॅच सोडून तिथे जाऊन बसा, तिकीट पण सहज मिळतं. सॅन होजे स्टेट तर तुमच्या अगदी दाराशी. कॉलेज कुठे राहिलंय हे तिथे बसल्यावर दिसतं.

प्रश्न नाहीये ताई, फक्त लिहावंसं वाटलं. गेल्या वर्षी माझा भाचा आयोवा सिटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये वरच्या मजल्यावर होता. पहिला क्वार्टर संपला आणि समोरचं अख्खं स्टेडियम वळून आमच्याकडे बघून हात हलवायला लागलं. तो उठून बसला. आता बरा आहे, यंदा त्याला खालून हात हलवायचाय. — सीडर रॅपिड्स, आयोवा

हे वाचून मी थोडा वेळ काहीच टाईप केलं नाही. इतर वाचकांसाठी सांगते, आयोवाचं किनिक स्टेडियम मुलांच्या हॉस्पिटलला अगदी लागून आहे, वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ पासून प्रत्येक घरच्या मॅचला पहिला क्वार्टर संपला की सत्तर हजारांच्या आसपास माणसं, दोन्ही टीमचे खेळाडू, पंच सुद्धा, सगळे वर खिडक्यांकडे बघून हात हलवतात. पाहुण्या टीमचे फॅन पण. भाच्याला घेऊन जा, आणि तो कुठल्या खिडकीत होता ते त्याला शोधू दे. फोटो काढलात तर आम्हाला नक्की पाठवा.

एक मॅच हरली की सीझन संपला असं नवरा म्हणतो आणि दोन दिवस जेवत नाही. खरंच असं आहे का? आणि सुरुवातीला एवढ्या दुबळ्या टीमशी का खेळतात मग? — साऊथ बेंड, इंडियाना

पूर्वी जवळजवळ तसंच होतं. चारच टीम प्लेऑफला जायच्या तेव्हा एक हार महाग पडायची आणि दोन म्हणजे बहुतेक खेळ खलास. २०२४ पासून १२ टीम जातात, त्यामुळे नवऱ्याला जेवायला सांगा. तुमच्याच गावाचं उदाहरण, गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉय नोटर डेमला त्यांच्याच घरी १६-१४ हरवून गेले, सगळ्यांनी सीझन संपला म्हणून सांगितलं, आणि नोटर डेम त्यानंतर थेट फायनलला पोचलं. आणि ज्या ओहायो स्टेटकडून तुम्ही ती फायनल हरलात ते पण दोन मॅच हरलेले होते, त्यातली एक आमच्याकडून, १३-१०, त्यांच्याच मैदानावर. हे लिहिताना मला आनंद होतोय.

दुबळ्या टीमला मोठी कॉलेजं पैसे देऊन बोलावतात, नोटर डेमनी नॉर्दर्न इलिनॉयला त्या मॅचचे १४ लाख डॉलर दिले होते. लहान कॉलेजचं त्यात वर्षाचं बरंच काही भागतं आणि मोठ्याला घरची एक मॅच मिळते. पण त्यांना दुबळं म्हणू नका. १ सप्टेंबर २००७, मिशिगन देशात ५ नंबर, समोर खालच्या गटातली ॲपलेशियन स्टेट, मी मुलीला पहिल्यांदाच स्टेडियमला नेलं होतं, सोपी मॅच आहे, बाळाला मजा येईल म्हणून. ३४-३२ हरलो. शेवटच्या सेकंदांत आमची किक त्यांनी अडवली आणि लाखाच्या स्टेडियममध्ये अशी शांतता झाली की त्यांच्या मूठभर लोकांचं ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं. मुलगी विचारत होती, आई झालं का, आणि मला तिला काय सांगावं कळेना. आज अठरा वर्षं झाली, पण पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री मला अजून तेच आठवतं, समोर कोणीही असो.

मी २००४ चा मिशिगनचा, आता बाणेरला. यंदा कसं वाटतंय? आणि पहिली मॅच इथे किती वाजता? — पुणे

गो ब्लू दादा! चर्चा एकाच नावाची आहे, ब्राईस अंडरवुड. बेलव्हिलचा म्हणजे आपल्या शेजारचाच पोरगा, क्वार्टरबॅक, हायस्कूलमधून येणाऱ्यांत देशात पहिल्या नंबरचा, आधी एलएसयूला म्हणजे लुइझियाना स्टेटला शब्द दिला होता आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये वळून घरी आला. वय अठरा. गेल्या वर्षी आमची फेकण्याची बाजू किती लंगडी होती ते तुम्ही बघितलं असेल, त्यामुळे गावात लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणून बोलतात, नजर लागू नये तसं. मला एवढंच वाटतं की पोराला चुकायला जागा द्यावी. पहिली मॅच न्यू मेक्सिकोशी घरीच आहे, पण लगेच पुढच्या शनिवारी ६ सप्टेंबरला ओक्लाहोमाच्या घरी, आणि तो नेमका अनंत चतुर्दशीचा दिवस, तुमच्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीतून घरी येऊन बूट काढताय तोवर इकडे किकऑफ.

टाईमचं गणित सोपं आहे, नोव्हेंबरमध्ये इकडची घड्याळं मागे जाईपर्यंत इस्टर्न टाइममध्ये साडेनऊ तास मिळवा. इथली दुपारी १२ ची मॅच तुमच्याकडे शनिवारी रात्री ९:३० ला, साडेतीनची मध्यरात्री १ ला. आपली पहिली मॅच ३० तारखेला इथे संध्याकाळी ७:३० ला आहे, म्हणजे तुमच्याकडे रविवारी ३१ ला पहाटे ५. त्या दिवशी गौरी यायच्यात, घरातली मंडळी तशीही लवकर उठणार, तुम्ही चहा टाका आणि आवाज जरा कमी ठेवा.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न २० सप्टेंबरपर्यंत पाठवा. गाव आणि टीम दोन्ही लिहा.)